रणगाड्यांचा खेळ आणि रसदगाडी

कोणत्याही खेळाचे खरे शिक्षक म्हणजे त्याचे नियम होत. हुतूतूचेच उदाहरण घ्या. खेळाडूच्या अंगी कितीही बळ असले, तरी त्याचा दम टिकेल तोवरच त्याचा पराक्रम. प्रतिपक्षाचे दोन गडी हाताशी आले असता दम तुटला, तर त्याला रिकाम्या हाताने बाहेर बसावे लागते. दमाचा हा नियम काढून टाकला, तर हुतूतूत केवळ धक्काबुक्की उरेल. तात्पर्य, मनुष्याची शक्ती अमर्याद नाही व ती कोठून तरी भरून आणावी लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी एका श्वासाच्या अटीत गोवून ठेविली आहे. याच गोष्टीचा प्रत्यय मला गेल्या दोन वर्षांत एका अगदी निराळ्या व नव्या खेळात आला. त्याविषयी चार शब्द विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असा विचार आहे.

हा खेळ म्हणजे रिमोटने चालणाऱ्या लहान रणगाड्यांची लढाई. परदेशांत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. अमेरिकेत काही हौशी मंडळी खऱ्याच्या एकषष्ठांश आकाराचे रणगाडे स्वतः बांधतात व त्यांतून रंगाच्या गोळ्या झाडून मोकळ्या रानात लढतात. जर्मनीच्या टायगर रणगाड्याची ही प्रतिकृती एक मीटरहून अधिक लांब भरते, यावरून तिच्या आकाराची कल्पना यावी. जपानच्या तामिया कंपनीने प्रचारात आणलेली पद्धत याहून सोपी आहे. तीत रणगाडा खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा असतो. तोफेतून गोळी न सुटता डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सुटतात. ते प्रतिपक्षाच्या रणगाड्यावरील लहानशा ग्राहकयंत्रावर पडले, की रणगाडा थरथरतो व त्याला एक मार लागल्याची नोंद होते. ठरलेले मार पूर्ण झाले, की तो जागच्या जागी निकामी होतो. अवजड रणगाडा जास्त मार सोसतो, परंतु त्याची तोफ पुन्हा भरण्यास वेळही जास्त लागतो. हलक्या रणगाड्याचे याच्या उलट. कोणालाही दुखापत होण्याचा संभव नसल्यामुळे शाळेच्या पटांगणात हा खेळ निर्धास्तपणे खेळता येतो.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने असे दोन रणगाडे विज्ञान मंडळास भेट दिले. पुढे दोन मुलांच्या घरून आणखी दोन आले. पहिले काही दिवस जे चालले होते, त्यास लढाई म्हणण्यापेक्षा गोंगाट म्हणणे अधिक बरे. चारही रणगाडे समोरासमोर उभे राहत आणि कोणीतरी निकामी होईपर्यंत मुले बटणे दाबीत राहत. युक्ती नाही, वाट पाहणे नाही, काटकसर नाही. पाच-सहा मिनिटांत खेळ आटोपे, आणि हरलेला पक्ष आपल्या बॅटरीला दोष देई. यावरून एक गोष्ट ध्यानात आली. ज्याचा दारूगोळा कधी संपतच नाही, त्याला विचार करण्याची गरज पडत नाही.

म्हणून आम्ही बसून नियम केले. मैदान बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद घेऊन फक्कीने त्याचे मीटर-मीटरचे शहाण्णव चौकोन आखले. विटांच्या भिंती रचल्या, पोत्यांचे उंचवटे केले. प्रत्येक रणगाड्यास आरंभी दहा गोळे दिले. प्रत्येक रणगाड्यामागे प्रतिपक्षाचा एक मोजणीस उभा राहतो व प्रत्येक गोळ्यागणिक मोठ्याने आकडा उच्चारतो. दहा झाले की तोफ मुकी! मग पक्षाच्या तळावरून रसदगाडी निघते. ही एक साधी रिमोटची मालमोटार. तिच्यात दहा रिकाम्या काड्यापेट्या असतात, एक पेटी म्हणजे एक गोळा. तिने रणगाड्याला हातभर अंतरावर भिडून साठ आकडे होईपर्यंत उभे राहावयाचे. त्या अवधीत रणगाड्याने हलावयाचे नाही व गोळाही झाडावयाचा नाही. आकडे गाडी चालविणाऱ्या मुलाने स्वतः मोठ्याने मोजावयाचे. एका खेपेत एकाच रणगाड्याची भरती. दुसऱ्यासाठी गाडीने पुन्हा तळावर जाऊन यावयाचे. रसदगाडीस चिलखत नसल्याने एकाच माराने तिचा निकाल लागतो.

यानंतर तोफखान्याचा नियम आला. रणगाडा समोर दिसणाऱ्यावर मारा करतो, पण दूरची तोफ न दिसणाऱ्यावर मारा करते, हा दोहोंतील मुख्य भेद. खऱ्या सैन्यात पुढे गेलेला टेहळ्या शत्रूचे ठिकाण नकाशावरील आकड्यांनी कळवितो, तोफा मागे कोठेतरी डागल्या जातात, व गोळा कोठे पडला हे पाहून टेहळ्या दुरुस्ती सांगतो. आम्ही तेच लहान प्रमाणात केले. प्रत्येक पक्षाला संपूर्ण खेळात तोफखान्याचे सहा गोळे. टेहळ्याने चौकोनाचे नाव सांगावयाचे, जसे ‘ग पाच’. आणि त्यानंतर तीस आकड्यांनी गोळा पडावयाचा. पंच फासा टाकतो. एक किंवा दोन पडले तर गोळा नेमक्या जागी. तीन, चार, पाच किंवा सहा पडले तर तो अनुक्रमे उत्तर, दक्षिण, पूर्व किंवा पश्चिम दिशेला एक चौकोन सरकतो. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी एकच अचूक पडणार. जेथे पडेल त्या चौकोनात पंच एक लोखंडी कडे ठेवतो. तेथे रणगाडा असल्यास त्यास दोन मार, रसदगाडी असल्यास ती नष्ट.

चतुर वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हे दोन नियम एकमेकांत अडकविलेले आहेत. गोळा पडण्यास तीस आकडे लागतात, म्हणून धावत्या रणगाड्यावर तोफखान्याचा उपयोग फारसा नाही. इशारा ऐकताच तो दूर निघून जातो. परंतु रसद भरून घेणारा रणगाडा साठ आकडे खिळल्यासारखा उभा असतो, आणि साठात तीस दोनदा बसतात! म्हणजे दूरच्या तोफेचे खरे भक्ष्य लढणारा वीर नसून शिदोरी घेऊन आलेली गाडी व तिची वाट पाहणारा भुकेला रणगाडा हे होत. मुलांनी साठाचे दहा करावे म्हणून मजजवळ पुष्कळ रदबदली केली. मी ती मानली नाही. त्या साठ आकड्यांतच या खेळाचे सगळे शहाणपण साठविलेले आहे.

खेळण्यातील युद्धाला असे बंधन घालण्याची कल्पना नवी नाही. इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ नावाचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळी उडविणारी स्प्रिंगची तोफ घेऊन जमिनीवर कसे लढावे, याचे नियम त्यात आहेत. आरंभी त्या तोफेपुढे दुसऱ्या कशाचे काही चालेना, म्हणून त्यांनी तिला लगाम घातला. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपले निदान चार शिपाई असतील तरच ती चालेल. नसतील, तर ती हलणारही नाही व डागताही येणार नाही. तसेच एका डावात ती एक तर हलेल किंवा डागेल, दोन्ही नाही. ती किती दूर न्यावयाची तेही तिच्याबरोबरच्या माणसांवर अवलंबून. चार घोडेस्वार असतील तर दोन फूट, नाही तर एकच फूट. पोलादाच्या नळीमागे माणसाचे हात असावे लागतात, हे तत्त्व त्यांनी असे चिमुकल्या मापात बसविले.

खऱ्या इतिहासाने हेच तत्त्व मोठ्या मापाने शिकविलेले आहे, आणि त्याची सर्वांत दुःखद शाळा आम्हा मराठ्यांच्या वाट्याला आली. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना दुबळा नव्हता. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांची अब्दालीच्या छावणीत धास्ती होती. तथापि १७६० च्या नोव्हेंबरपासून सुमारे अडीच महिने सैन्य तेथे कोंडून राहिले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि रसदेची वाट बंद होत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य रणात उतरले, ते उपासाने आधीच अर्धे खचलेले होते. उलट पक्षी आमच्याच अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला जनरल वेलस्ली याने ऑगस्ट १८०३ मध्ये घेतला, तेव्हा त्याने तेथे आपल्या फौजेच्या पुरवठ्याचे ठाणे केले. धान्य वाहून नेण्यास बैलांचे तांडे घेऊन फिरणारे बंजारी त्याच्या दिमतीस होते. पुढच्याच महिन्यात असईची लढाई झाली. लढाईचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. बैल हाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

रणगाड्यांच्या युगातही हा नियम बदलला नाही. टायगर रणगाडा सत्तावन्न टनांचा. तो आपल्याबरोबर ब्याण्णव गोळे वागवी. त्र्याण्णवावा गोळा कोणी तरी मागून आणून दिला पाहिजे. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्ये फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे गेली, की त्यांचे पेट्रोल मागे राहिले व ऑगस्टअखेर जनरल पॅटनचे रणगाडे शत्रूमुळे नव्हे, तर कोरड्या टाक्यांमुळे थबकले. त्यांना पोसण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची मालमोटारींची अखंड रांग चालू होती. रस्ते केवळ तिच्यासाठी राखून ठेविले होते. एका वाटेने भरलेल्या गाड्या जात व दुसरीने रिकाम्या परत येत. ऐन भरात सुमारे सहा हजार गाड्या दिवसाला बारा हजार टनांहून अधिक माल पोहोचवीत. त्या चालविणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात त्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवीत व बहुधा लढाऊ तुकड्यांत घेत नसत. ज्यांना रणात उभे राहण्यास अपात्र मानले, त्यांच्याच जागत्या डोळ्यांवर व ताठरलेल्या हातांवर सारे रण उभे होते.

मुलांना या गोष्टी वर्गात सांगितल्या, त्यांनी त्या ऐकल्याही. परंतु ऐकणे वेगळे व अंगी लागणे वेगळे. पानिपताच्या धड्यातून त्यांनी एकच शब्द तत्परतेने उचलला, तो ‘बुणगे’! नववीतील जो मुलगा रसदगाडी चालवी, त्याला ते ‘बुणगा’ म्हणू लागले. ही गाडी कोणालाच नको असे. गट पाडताना रणगाड्यांसाठी भांडणे होत, टेहळ्याच्या जागेसाठी चिठ्ठ्या पडत, आणि गाडी मात्र जो गप्प राहील त्याच्या गळ्यात पडे. या मुलाने एकदा मला विचारले, “सर, मलाच नेहमी हमाली का?” त्याचे वडील नगर-मुंबई रस्त्यावर मालट्रक चालवितात, हे मला माहीत होते आणि वर्गालाही माहीत होते. त्यामुळे त्या प्रश्नाला दुहेरी धार होती. मी त्याला एवढेच म्हटले, की गाडी उत्तम चालवून दाखव, मग या प्रश्नाचे उत्तर मी देण्याची गरज उरणार नाही.

पालकसभेच्या दिवशी सामना झाला. मैदानाभोवती पालक उभे होते, त्यांत त्याचे वडीलही होते. सामना रंगला, व शेवटी प्रत्येक पक्षाचा एकेकच रणगाडा उरला. आमच्या या चालकाच्या पक्षाच्या रणगाड्याचे दहाही गोळे संपले होते. त्याने गाडी एकदम बाहेर काढली नाही. विटांच्या भिंतीआड ती उभी करून तो प्रतिपक्षाच्या तोफखान्याचे गोळे बोटांवर मोजीत राहिला. पाचवा पडल्यावर त्याने गाडी सोडली, रणगाड्याला भिडविली आणि आकडे मोजू लागला. प्रतिपक्षाने सहावा व शेवटचा गोळा मागितला. फासा पडला, गोळा एक चौकोन पूर्वेला सरकला. कडे ठेवण्यासाठी मी पंच म्हणून तिकडे गेलो. इतक्यात शत्रूचा रणगाडा भिंतीच्या कोपऱ्यावरून वळला. नायक ओरडला, “झाले, भरले!” तोफ सुटली, मार बसला, शत्रूचा रणगाडा निकामी झाला आणि एकच जल्लोष उडाला.

त्या गलक्यात या मुलाने हात वर केला. “सर, साठ झाले नव्हते. मी पन्नासावर होतो.”

आकडा दुसऱ्या कोणीही ऐकला नव्हता. तो गप्प बसता, तर जय त्याच्या पक्षाचा होता, आणि त्याचा स्वतःचाही, कारण गाडी सुखरूप नेली ती त्यानेच. नियमाप्रमाणे तो गोळा रद्द झाला; शत्रूचा रणगाडा पुन्हा उभा राहिला व त्याने रिकाम्या रणगाड्याचा दोन मिनिटांत निकाल लावला. पक्षातील मुले त्याच्यावर इतकी रागावली, की दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोलले नाही. खरेपणाचे बक्षीस जागच्या जागी मिळते, असे मी विद्यार्थ्यांना कधी सांगत नाही, कारण तसे बहुधा घडत नाही.

वडील निघताना माझ्याजवळ आले. मुलाची स्तुती ते करतील असे वाटले होते, ते म्हणाले, “सर, आमच्या लाइनीत बी असंच हाय. माल टायमावर पोचला, तर डायवर कोण व्हता ते कुणी इचारीत न्हाई. पन गाडी किती वाजता पोचली ते आपन खरंच सांगायचं असतं. तेवढंच आपलं असतं.”

पुढच्या महिन्यात नव्याने गट पाडले. निवडीचा पहिला मान प्रतिपक्षाच्या नायकाकडे होता. त्याने रणगाडा चालविणाऱ्यांपैकी कोणाला न घेता पहिले नाव घेतले ते या मुलाचे, आणि तेही रसदगाडीसाठी. ज्याची मोजणी खरी, त्याच्यावर विसंबता येते, एवढा हिशेब त्या नायकाला कळला होता. ‘बुणगा’ हा शब्द त्यानंतर माझ्या कानावर आलेला नाही.

एका मातोश्रींनी मला विचारले, की शाळेत मुलांना युद्धाचा खेळ शिकवावाच कशाला? प्रश्न आदरणीय आहे. वेल्स यांनी आपल्या पुस्तकाच्या अखेरीस म्हटले आहे, की असा खेळ दोनचारदा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती गोंधळाचे व किती प्रचंड हानीचे काम आहे ते उमगू लागते. त्यांचे पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा अशा खेळाने युद्धे थांबतात, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र मुलांच्या मनातील युद्ध हे बहुधा चित्रपटातील असते. तेथे तोफ कधी रिकामी होत नाही, कोणाला भूक लागत नाही आणि प्रत्येक गोळा नेमका शत्रूवरच पडतो. आमच्या मैदानात तीनांतील दोन गोळे भलत्याच जागी पडतात, आणि ‘त्या चौकोनात कोणाचे घर असते तर?’ असा प्रश्न सातवीतील एका मुलीने आपण होऊन विचारला. तो प्रश्न ज्या खेळातून निघाला, तो मला निरुपयोगी वाटत नाही.

आमच्या नगरात १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन मी तेथे अनेकदा जातो. पूर्वी सेंच्युरियन, विजयंता व युद्धात हाती लागलेला पॅटन यांपुढे उभे राहून मुले त्यांच्या तोफांची लांबी विचारीत. या वर्षीच्या मुलांनी विचारले, “सर, यात गोळे किती मावत? तेल किती लागे? ते आणून कोण देई?” एवढा फरक माझ्या दृष्टीने पुरेसा आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी थोडेच पुढे रणगाड्यावर बसतील. बहुतेकांच्या वाट्याला या जगात कोणत्या ना कोणत्या रूपाने रसदगाडीच येणार आहे. घरात पहाटे उठून डबा भरणारी आई, पाण्याची टाकी वेळेवर सोडणारा नगरपालिकेचा नोकर, रात्रभर जागून औषधे पोहोचविणारा चालक, ही सर्व माणसे साठ आकडे उघड्यावर उभी असतात, म्हणून आपण चालते-बोलते आहोत. त्यांना हलके नाव देऊ नका. आणि ते काम जेव्हा तुमच्यावर येईल, तेव्हा ऐकणारा जवळ असो वा नसो, पन्नासाला साठ म्हणू नका.